कॉफी चाखायला शिका, म्हणजे मळेवाल्याचं नाव विचारावंसं वाटेल

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत महागड्या कॉफीची खिल्ली उडवणारा लेख वाचला. मनापासून हसलो. कॉफीच्या पाकिटावर 'संत्र्याची साल, गूळ, जाईचं फूल' असं लिहिलेलं असतं, तर मग माणसाने सरळ फळवाल्याकडेच का जाऊ नये, असा लेखकाचा सवाल आहे. सवाल फक्कड आहे, पण मी पडलो फळवाला. वरूड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगिचा आहे, वडिलांपासूनचा. तेव्हा उत्तर देणं माझ्याच अंगावर येतं.

आंबिया बहाराचं फळ (हिवाळा सरताना फुलणारं) आणि मृगाचं फळ (पावसाळ्याच्या तोंडावर फुलणारं) यांतला फरक आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही कळतो. आंबियाला आंबटाची धार असते. मृगाचं फळ थंडी खाऊन उतरतं, ते गोडीला जास्त. त्यातही हलक्या जमिनीतलं वेगळं, काळीतलं वेगळं, आणि घाईने तोडलेलं तर पहिल्या फोडीलाच पकडलं जातं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की त्याला वाटतं आम्ही फेकतोय. दोन फळं कापून त्याच्या समोर ठेवली की तोच पाच मिनिटांत कबूल होतो. कॉफीचंही तसंच आहे. एकच कप प्याला तर ती नुसती कॉफी लागते. दोन कप शेजारी-शेजारी ठेवले की फरक आपोआप कळायला लागतो, आणि त्याला डिग्री लागत नाही.

शिवाय कॉफी हेही फळच. करवंदाएवढं, पिकलं की लाल होणारं. आत दोन बिया पोटाला पोट लावून बसलेल्या असतात. कधीकधी एकच बी गोल होऊन भरते, तिला पीबेरी म्हणतात. फळाचा गर काढून, बी धुऊन वाळवली तर एक चव येते. अख्खं फळ सालीसकट उन्हात वाळवलं आणि मग बी काढली तर दुसरीच. झाड तेच, मळा तोच.

हे मला माझ्या भाचीने दाखवलं. ती बंगळुरूला कॉफी भाजणाऱ्या एका छोट्या कंपनीत चव तपासायच्या कामाला आहे. दिवाळीला घरी आली तेव्हा फराळाच्या डब्यांशेजारी तिने ओट्यावर तीन सारखे कप मांडले. तिन्ही कॉफ्या कर्नाटकातल्या. पहिली चिकमगळूरची, धुऊन वाळवलेली. दुसरी त्याच मळ्यातली, पण फळासकट वाळवलेली. तिसरी मान्सून मलबार. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक कपात सव्वाआठ ग्रॅम भरड पूड मोजून टाकली. दीडशे मिली पाण्याला एवढी, हे या धंद्यातलं ठरलेलं माप. 'मामा, आधी कोरडाच वास घ्या,' म्हणाली. मग पाणी उकळून, गॅस बंद करून, अर्धं मिनिट थांबून तिन्ही कपांत ओतलं आणि घड्याळ लावलं.

पूड वर येऊन कपाच्या तोंडावर जाड साय धरते. चार मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग नाक कपाच्या काठाशी नेऊन चमच्याच्या पाठीने ती साय हलक्या हाताने मागे सारायची. त्या क्षणी जो वास येतो तो पुन्हा तसा येत नाही, म्हणून तेव्हा बोलायचं नाही, फोनकडे बघायचं नाही, नुसता वास घ्यायचा. पहिल्या कपातून संत्र्याची साल बोटांनी दाबल्यावर उडते ना, तशी झुळूक आली. दुसऱ्या कपापाशी आमच्या सौभाग्यवती थबकल्या. त्यांचं माहेर परतवाड्याचं, आणि घरात सगळ्यांत तिखट नाक त्यांचंच. 'हा तर मोहफुलांचा वास आहे,' म्हणाल्या, 'अंगणात वाळत घातलेल्या.' भाची टाळ्या पिटायचीच बाकी राहिली. फळासकट वाळवताना गर थोडा आंबतो आणि त्याचा वास बीत उतरतो. कागदावर ती 'बेरी, वाईन' असं काहीबाही लिहिते, पण मोहफूल जास्त नेमकं होतं. तिसऱ्या कपाला जुन्या कोठीचा, बारदानाचा वास होता. आंबट नावालाही नाही.

त्या तिसऱ्या कपाची गोष्ट मोठी मजेची आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबार किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला महिने लागत. दमट समुद्री हवेत बी फुगायची, फिकी पडायची, तिचा आंबटपणा मरायचा. युरोपातल्या गिऱ्हाइकाला तीच चव आवडायला लागली. पुढे १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाला, आगबोटी आल्या, माल ताजा पोचायला लागला, तर गिऱ्हाईक म्हणे ही आमची कॉफी नव्हे! मग किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळाभर बी पसरून, मान्सूनचा वारा खाऊ घालून ती चव मुद्दाम आणायला सुरुवात झाली. आज तिला भौगोलिक मानांकन आहे. प्रवासात बिघडलेल्या मालाची गिऱ्हाइकाला इतकी सवय झाली की पुढे तोच माल पैसे देऊन करून घेतला. संत्र्याच्या धंद्यात असं भाग्य आमच्या वाट्याला अजून आलेलं नाही.

आता प्यायचं कसं. चमचाभर घ्यायचं आणि मोठ्याने फुरका मारायचा. लाजायचं नाही. फुरक्यासोबत हवा आत जाते, कॉफीचे बारीक तुषार सगळ्या तोंडात उडतात आणि तिचा वास घशामागून नाकात चढतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि आमटीसारखी ती पाचवी खमंग चव, एवढंच कळतं. बाकीचा सगळा कारभार नाकाचा. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून चिमूटभर सोप चावा. जराशी गोडी लागेल, बाकी काही नाही. मग नाक सोडा, एकदम सोप येईल. सर्दी झाल्यावर जेवण पुठ्ठ्यासारखं लागतं ते यामुळेच. आमच्याकडची म्हातारी माणसं बशीत चहा ओतून फुर्रकन ओढायची आणि शहरातल्या सुना नाकं मुरडायच्या. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत ॲप्रन घालून लोक अगदी तेच करतात आणि त्याचा पगार घेतात.

बशीत आणखी एक शहाणपण होतं, ते म्हणजे निवणं. कढत कॉफीत कुणालाच काही कळत नाही. (६५ अंशांहून गरम पेयं घशाला बरी नव्हेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही २०१६ मध्ये सांगून ठेवलंय, तो भाग वेगळा.) कप कोमट झाला की गोडी आणि आंबटपणा दोन्ही सुटे होतात. म्हणून एकच कप गरम असताना, कोमट असताना आणि पार निवल्यावर असा टप्प्याटप्प्याने चाखावा. चांगली कॉफी निवताना उमलत जाते. वाईट कॉफी निवली की तिचं पितळ उघडं पडतं, ती राखेसारखी लागते. ती कढत आणि भरपूर साखर घालून का प्यावी लागते, याचा उलगडा तिथेच होतो.

पाण्याचं एक सांगतो, कारण आपल्या बहुतेक वाचकांच्या घरी बोअर आहे. आमचं पाणी जड, पातेल्याला पांढरा थर धरणारं. भाची गेल्यावर मी तीच चिकमगळूरची पूड एका कपात बोअरच्या पाण्याने आणि दुसऱ्या कपात कॅनच्या पाण्याने केली. बोअरच्या कपातला आंबटपणा साफ गायब. जड पाण्यातले क्षार आम्ल मारून टाकतात, एवढं रसायनशास्त्र शेतकऱ्याला फवारणीच्या टाकीमुळे माहीत असतं. पण तोंडाला इतकं स्वच्छ कळेल असं वाटलं नव्हतं. कॅनचं पाणीही फार मोकळं, म्हणजे क्षार जवळजवळ नसलेलं, असेल तर कॉफी पोकळ लागते. मला दोन्ही निम्मे-निम्मे मिसळलेलं आवडलं. हा प्रयोग फुकट आहे. आज संध्याकाळी करून बघा.

आणखी एक खेळ आहे, तो या क्षेत्रातल्या परीक्षांमध्येही असतो. तीन कप भरायचे, दोनांत एक कॉफी, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा कप ओळखायचा. शेजारच्या मास्तरांना बसवलं तर ते आधी म्हणाले, 'आपल्याला काही कळायचं नाही.' ओळखला त्यांनी. का ओळखला ते सांगता आलं नाही, एवढंच. सांगता येणं नंतर येतं आणि नाही आलं तरी बिघडत नाही.

लेखकाने शंभरपैकी गुण देण्याच्या पद्धतीचीही टर उडवली आहे. गंध, चव, मागे रेंगाळणारी चव, आंबटपणा, अंग (म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा), तोल असं एकेक तपासून गुण देतात आणि ८० किंवा त्याहून जास्त पडले तर तिला स्पेशालिटी म्हणतात. हा शब्द रुळवला एर्ना क्नुटसेन या बाईंनी, १९७४ मध्ये. नॉर्वेत जन्मल्या, सॅन फ्रान्सिस्कोला कॉफीच्या पेढीत सेक्रेटरी होत्या, आणि तिथल्या पुरुष मंडळींनी त्यांना चव घ्यायच्या खोलीत सुखासुखी येऊ दिलं नव्हतं. आपल्याकडे सुनालिनी मेनन यांनी त्याच दशकात सरकारच्या कॉफी बोर्डात चव तपासायला सुरुवात केली. पुढे त्यांनी बंगळुरूला स्वतःची प्रयोगशाळा काढली. ८४ गुणांची कॉफी ८३ वालीपेक्षा मला चांगली लागेलच असं नाही, तिथे मी लेखकाच्या बाजूचा. पण कुणीतरी बसून, एकाच मापाने, नाव न बघता चाखतं, ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. मंडईत आमचा माल व्यापारी आकारावर आणि रंगावर घेतो. फोड तोंडात घालून भाव ठरवणारा व्यापारी भेटला तर मी त्याला जेवायला बोलवीन.

मला खरं तर इथवरच यायचं होतं.

मागच्या हिवाळ्यात भाचीसोबत कोडगूला, म्हणजे कूर्गला, गेलो. तिथे कॉफीच्या मळ्यांतच संत्र्याची झाडं! कूर्गची संत्री म्हणतात ती हीच. सावलीला सिल्व्हर ओक, त्यावर मिरीचे वेल, खाली कॉफी. मळेवाल्याशी बोलताना वाटलं, आपलाच भाऊबंद आहे. आम्ही मृगासाठी झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतो, पावसाने तो तुटला की फूल येतं. त्याच्याकडे हिवाळ्याचा कोरडा ताण बसतो, मार्च-एप्रिलमध्ये एक सर पडली की आठ-दहा दिवसांत मळा पांढरा होतो. ती सर चुकली तर वर्ष गेलं. तोड सुरू होती. एकाच फांदीवर लाल, पिवळी, हिरवी फळं असतात. फक्त लाल तोडायची तर बायांना त्याच झाडाकडे पुन्हापुन्हा यावं लागतं, मजुरी वाढते. सगळी एकदम ओरबाडली तर काम स्वस्तात उरकतं, पण कच्च्या बीचा तुरटपणा कपात उतरतो, आणि बी कितीही भाजली तरी तो नीट जात नाही. फार काळी भाजली की चांगली-वाईट सगळी सारखीच कडू लागते, म्हणून हलका माल काळा भाजण्यात बरेच जण शहाणपण मानतात.

म्हणजे जिभेवर तुरट लागलं की नाही, यावर त्या बायांच्या फेऱ्यांचे पैसे वसूल होणार की नाही हे ठरतं. पिणाऱ्याला फरकच कळत नसेल तर मळेवाल्याने फेऱ्या कशाला वाढवायच्या?

हे तिथल्या जुन्या लोकांनी भोगलेलं आहे. १९४० च्या दशकापासून देशातली कॉफी कायद्याने बोर्डाच्या एकत्रित साठ्यात जायची. प्रतवारी व्हायची, पण तुमची आणि शेजाऱ्याची कॉफी एकाच ढिगात. दाणा नीट जपणाऱ्याचं नाव पुढे कुठेच पोचायचं नाही. ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ मध्ये सगळ्यांना आपला माल आपण विकायची मुभा मिळाली. पाकिटावर मळ्याचं नाव छापणं त्यानंतरच शक्य झालं. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. भाव आजही अरेबिकाचा न्यूयॉर्कच्या आणि रोबस्टाचा लंडनच्या बाजारावर हलतो. देशातले बहुतेक उत्पादक दहा हेक्टरच्या आतले, त्या बाजारापुढे त्यांचं काय चालणार? त्यातून थोडी सुटका एकाच वाटेने होते. चव ओळखून, नाव विचारून, चार पैसे जास्त मोजणारं गिऱ्हाईक मिळालं तर. आमच्या नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये मानांकन मिळालं, अभिनंदनाचे फलक लागले. पण पुण्या-मुंबईत संत्रं घेताना 'कोणत्या गावचं, कोणत्या बहाराचं' असं विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. हापूसवाल्याला विचारतात.

लेखकाच्या रागाचं कारण मला कळतं. नागपुरात एका चकचकीत कॅफेत मीही गेलो होतो. साखर मागितली तर काउंटरवरच्या पोराने असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलोय. मी त्याला विचारलं, बाबा, ही कुठल्या मळ्यातली? त्याला सांगता येईना. 'प्रीमियम आहे सर,' म्हणाला. असल्या ठिकाणी अडीचशे-तीनशे रुपये देऊन आलेला माणूस चिडणारच. साखर घाला, दूध घाला, तुमचा कप आहे. फक्त पहिला घोट तसाच घेऊन बघा. दुधाची कॉफी मलाही लागते, सकाळी सहाला बगिच्यात जायच्या आधी तीच बरी.

आणि पैशाचं म्हणाल तर घरी हिशेब वेगळा बसतो. बऱ्यापैकी कॉफीचं पाव किलोचं पाकीट पाचशे-सहाशेला मिळतं. कपाला पंधरा ग्रॅम धरले तर सोळा कप. म्हणजे एकतीस ते अडतीस रुपयांना एक. रोज नको, रविवारी प्या. भाजल्याची तारीख बघून घ्या, महिनाभरात संपवा, जमलं तर बी घेऊन ऐन वेळी दळा, कारण पुडीचा वास बघता बघता उडतो. आणि आत्ता घरात जी बरणी आहे तिचं लेबल एकदा चष्मा लावून वाचा. चिकोरी मिसळलेली असेल तर तिचं प्रमाण छापावंच लागतं, आणि कायद्याने त्यात निम्म्याहून जरा जास्त, ५१ टक्के कॉफी असली तरी चालतं. उरलेली ती भाजलेल्या मुळाची पूड. चिकोरी वाईट असं मी म्हणत नाही, दाक्षिणात्य फिल्टर कॉफीत ती मुद्दाम घालतात आणि छान लागते. पण आयुष्यभर आपण काय पितोय, ते माहीत असावं.

शेवटी संपादकांना एक विनंती. आपल्या अंकात चिखलदऱ्याच्या बातम्या धुक्याच्या आणि वाहतूक कोंडीच्या असतात. तिथे हजारेक मीटरच्या उंचीवर कॉफीची झाडं आहेत, इंग्रजांच्या काळापासून, आणि महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की नाव त्याच गावाचं निघतं. आम्ही तिथून पूड आणली, पण पाकिटावर ना मळ्याचं नाव, ना तोडणीचं साल, ना भाजल्याची तारीख. चवीला मऊ होती, आंबट कमी, भाजणी जरा जास्त झालेली. खाली काहीतरी चांगलं दडलेलं आहे असं सौभाग्यवतींचं मत पडलं, आणि त्यांच्या नाकावर माझा विश्वास आहे. तोडणीच्या दिवसांत आपला एक वार्ताहर वर पाठवा. फळं लाल झाल्यावर तोडतात की सरसकट, वाळवतात कशी, किलोमागे तोडणाऱ्याला काय मिळतं, भाजतो कोण, हे त्याने विचारून छापावं. येताना न भाजलेली किलोभर बी आणली तर भाची इथे आल्यावर ती हलकी भाजून देईल. कप आमच्याकडे आहेत. पुरवणीतल्या त्या लेखक महाशयांनाही घेऊन या. साखरेचा डबा ओट्यावरच असेल.

आपला नियमित वाचक,
एक संत्रा बागायतदार
ता. वरूड, जि. अमरावती